पद्मिनीचा फायबर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग: दहा महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीत माझ्या 1988 च्या प्रीमियर पद्मिनीत फायबरचा, म्हणजे काचेचे तंतू रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या द्रवात बसवून केलेला, डॅशबोर्ड आणि तसंच स्टिअरिंग बसवलं. तेव्हापासून गाडी चार कार शोंना उभी राहिली, एक मे महिना काढला आणि आता पावसाळाही सरत आलाय. बसवल्या बसवल्या खूप जणांनी विचारलं होतं, "कसं वाटतंय?" त्याचं खरं उत्तर आज देता येतंय.

आधी ठरवलेलं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मूळ पत्र्याचा डॅशबोर्ड कापायचा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी, आता बनत नाही आणि काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. जे शाबूत आहे ते शाबूत ठेवायचं. म्हणून नवा डॅशबोर्ड पत्र्यावर टोपीसारखा बसतो आणि चार बोल्ट काढले की निघतो. माझ्या मते शो कारचं काम असंच करावं.

डिझाइन कागदावर काढलं तेव्हा मीटरचा पॉड (मीटर बसवायचा उंचवटा) चालकाकडे छान झुकलेला दिसत होता. पुठ्ठ्याचा नमुना कापून, सेलोटेपने चिकटवून सीटवर बसलो, तर गिअर टाकताना बोटांची पेरं पॉडच्या कडेला घासत होती. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, हे कागदावर विसरायला होतं. पॉड 35 मिलिमीटर मागे नेला. पुठ्ठ्याला लागलेले ते दोन रविवार हे या कामातले सगळ्यात स्वस्त रविवार होते.

साच्यासाठी थर्माकोल घेऊ नका. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला साखरेसारखं विरघळवतं. मोठा भाग मी पीयू (पॉलियुरेथेन) फोममध्ये कोरला आणि पॉडचा बारीक आकार शाडूच्या मातीत काढला, कारण आमच्या चाळीतल्या तात्यांची सगळी हयात लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात गेली आहे आणि मातीला आकार द्यायला त्यांच्यासारखा हात मला कुठे मिळणार? त्यांनी अंगठ्याच्या एका ओढीत पॉडची कड अशी गोल केली की मी पॉलिश पेपरने दिवसभर घासूनही तशी झाली नसती. लाखेचं पॉलिश मारायला घेतलं तेव्हा म्हणाले, "थांब रे पोरा, माती आतून ओली आहे. दोन दिवस जाऊ दे." मला शोची तारीख दिसत होती. मी म्हणालो, "तात्या, वरून तर खडखडीत आहे." आणि पॉलिश मारलं, वॅक्स लावलं, साचा चिकटू नये म्हणून पीव्हीएचा पातळ थर मारला, जेलकोट म्हणजे रेझिनचा पहिला गुळगुळीत थर ओढला. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर आतली बाजू तव्यावर अर्ध्या कच्च्या राहिलेल्या घावनासारखी चिकट. ओलावा असला की पॉलिस्टर पूर्ण सेट होत नाही. तो साचा टाकून दिला. दोन दिवस वाचवायला गेलो आणि बारा दिवस घालवले.

दुसरा साचा नीट निघाला. काचेच्या तंतूंची चटई, म्हणजे मॅट, चौरस मीटरला 450 ग्रॅमची घेऊन तिचे तीन थर दिले. एका थराची जाडी साधारण एक मिलिमीटर धरायची आणि मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन. घरी काम करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: कोबाल्ट (रेझिन लवकर सेट करणारं द्रावण) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) कधीही थेट एकत्र ओतू नका. आग लागते, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. हातमोजे, चश्मा आणि स्टायरीनच्या वासासाठी चांगला मास्क, याशिवाय डबा उघडू नका.

आता वापराबद्दल. डिसेंबर ते मार्च काहीच तक्रार नव्हती. मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी होती, तेव्हा डॅशबोर्डवर ठेवलेला थर्मामीटर 68 अंश दाखवत होता. संध्याकाळी पाहिलं तर आरशासारख्या काळ्या रंगातून मॅटची नक्षी वर आली होती, पाण्याखालचं गवत दिसावं तशी. दुकानदाराने दिलेलं रेझिन साधं होतं आणि साधं पॉलिस्टर याच तापमानाच्या आसपास नरमतं. शिवाय मी ते गरम करून पक्कं केलंच नव्हतं. जूनमध्ये डॅशबोर्ड काढला, एका पेंटिंग गॅरेजच्या ओव्हनमध्ये 65 अंशांवर चार तास ठेवला, थंड झाल्यावर घासला, मग प्रायमर आणि पीयू रंग. रंग देण्याआधी तापवायचं, हा क्रम महत्त्वाचा. जे आकसायचं ते आधीच आकसून जातं. आज पुन्हा केलं तर जास्त उष्णता सोसणारं आयसोफ्थॅलिक रेझिनच घेईन.

दुसरी अडचण शोधायला तीन आठवडे गेले. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलायचा. मीटर बदलला, वायरी तपासल्या. कारण साधं होतं. मूळ पत्र्याच्या डॅशबोर्डमधूनच मीटरांना अर्थिंग मिळत होतं आणि फायबरमधून वीज जात नाही. प्रत्येक मीटरला अर्थिंगची वेगळी वायर दिली, त्या सगळ्या बॉडीच्या एका बोल्टवर आणल्या. त्यानंतर काटा जागचा हललेला नाही.

खड्ड्यांतला करकर आवाज फायबर आणि पत्र्याच्या मध्ये फेल्टची पट्टी चिकटवून गेला. बोल्टची भोकं लांबट करा, फायबरला उन्हात फुगायला जागा लागते.

स्टिअरिंगबद्दल माझं मत पक्कं झालंय: फायबरचं स्टिअरिंग फक्त शोसाठी. आत लोखंडी कडं आणि लोखंडी आरे आहेत, मधला हब (दांड्यावर बसणारा भाग) मूळ गाडीचा आहे, तरीही रस्त्यावर मी ते लावत नाही. अपघातात फायबर तुटलं तर त्याचे टोकदार तुकडे छातीसमोर असतील. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही, ते वेगळंच. घरून निघताना मूळ चाक, शोच्या ग्राउंडवर पोचलो की फायबरचं. ते डिकीत गोधडीत गुंडाळलेलं असतं.

तेवढ्या वापरातही जुलैमध्ये आरा आणि कडं जुळतात तिथे केसाएवढी चीर आली. कोपरा मी दिसायला धारदार ठेवला होता, सगळा ताण तिथेच गोळा झाला. चीर व्ही आकारात खणली, विणलेल्या काचेच्या कापडाचे दोन थर आडवे दिले आणि या वेळी कोपरा गोल केला. तो गोल करायला तात्यांकडेच गेलो. कड्यावरचं चामडं धारावीत हाताने शिवून घेतलंय. मुंबईच्या घामातही हात घसरत नाही आणि टाके अजून घट्ट आहेत.

खर्च डॅशबोर्डचा सगळा मिळून 38 हजार, स्टिअरिंगचा 9 हजार. पहिला साचा आणि दुसऱ्यांदा दिलेला रंग यातच धरलाय.

चकचकीत रंगाचं प्रतिबिंब दुपारी समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसायला त्रास होतो. डॅशबोर्डची वरची बाजू घासून तिची चकाकी घालवायची आहे. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की तेच काम हातात घेतो.