गच्चीवरचं 'बुटकं' अंजीर: ग्वाल्हेरमधला अडीच वर्षांचा अनुभव

कुंडीत लावायला 'बुटकी जात' आहे असं सांगून कुणी अंजिराच्या रोपाचे दुप्पट पैसे मागत असेल, तर देऊ नका. मी दिले आहेत, म्हणून सांगते. जानेवारी २०२३मध्ये ग्वाल्हेरच्या मेळ्यात गेलो होतो. माधवराव शिंद्यांनी १९०५मध्ये सुरू केलेला हा मेळा अजूनही थंडीतच भरतो. त्या वर्षी एका कोपऱ्यात रोपवाले बसले होते. साधं अंजीर दोनशेला, आणि शेजारी तशीच एक बिनपानांची काडी साडेचारशेला. "दीदी, ये बौना है, चार फुट से ऊपर जाएगा ही नहीं." ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आमचं घर जुनं, अंगण नाही, आहे ती दगडी पाट्यांची गच्ची. चार फुटांचं फळझाड म्हटल्यावर मी हरखले आणि घेऊन आले.

त्याच महिन्यात सासवडला मामाकडे जाणं झालं. पुरंदरचा तो पट्टा अंजिराचाच, तिथल्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मामाने शेतातल्या झाडाच्या तीन काड्या ओल्या गोणपाटात बांधून दिल्या. दोन जगल्या, त्यातली एक शेजारच्या काकूंना दिली. म्हणजे माझ्याकडे एकाच गच्चीवर, एकाच उन्हात दोन झाडं आली: एक साडेचारशेचं 'बुटकं' आणि एक मामाच्या शेतातलं, फुकटचं. त्यामुळे तुलना करायला मला दुसरीकडे जावं लागलं नाही.

'बुटकं' झाड ऑगस्टपर्यंत साडेपाच फूट झालं. आज, जून २०२५मध्ये, दोन्ही झाडं चार फुटांच्या आत आहेत, कारण मी त्यांना वाढू देत नाही. पानांचा कातरा सारखा, फळाचा आकार सारखा, साल तपकिरी जांभळी, गर गुलाबी. मागच्या वर्षी मामा आला होता. त्याने 'बुटक्या'चं पान उलटून पाहिलं, एक फळ फोडलं आणि म्हणाला, "अगं, हे तर आपलंच आहे. पुणेरी." मलाही तसंच वाटतं. मुळात लहान राहणाऱ्या अंजिराच्या जाती जगात आहेत. कुंडीवाल्यांमध्ये पेटीट नेग्राचं नाव खूप घेतलं जातं. पण पानं गळालेल्या काडीवरून जात ओळखणं विकणाऱ्यालाही जमत नाही आणि घेणाऱ्यालाही. रोप घ्यायचंच असेल तर पानं आणि एखादं फळ असताना घ्या.

अंजीर लहान राहतं ते मुळांना जागा कमी मिळते म्हणून आणि दर हिवाळ्यात कात्री लागते म्हणून. कुंडी फार लहान असेल तर मात्र झाड नुसतं रडतं. पहिल्या वर्षी मी १२ इंची काळी प्लास्टिकची कुंडी वापरली. वर्षभराने उपडी केली तर माती दिसेचना, मुळांची गुंडाळी होऊन कुंडीच्याच आकाराचा गोळा झाला होता. आता दोन्ही १८ इंची ग्रो बॅगमध्ये आहेत. माती म्हणाल तर चार भाग बागेतली माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, दोन भाग जाडी रेती, एक भाग नारळाचा भुसा आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. निचरा हवाच. बोअरच्या जड पाण्याची मला भीती होती, कुंडीच्या कडेला पांढरा क्षार धरतो, पण अंजीर चुनखडीच्या मातीतलं झाड, त्याने तक्रार केली नाही.

माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते पंचांग चुकल्यामुळे. मामाकडे दोन बहर, म्हणजे फळांचे दोन हंगाम असतात. पावसाळी खट्टा बहर, त्याची फळं थंडीत येतात. दुसरा मीठा बहर, त्याची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतात आणि तीच खरी गोड. मिठ्या बहरासाठी तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते. मी मामाचं ऐकून ऑक्टोबर २०२३मध्ये मेळ्याचं झाड छाटलं. पंधरा दिवसांत हिरवेगार धुमारे फुटले, रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ते मोजत होते. मग डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडचं धुकं उतरलं. चार-चार दिवस सूर्य नाही, रात्री पारा पाच-सहावर. कोवळे शेंडे आधी मलूल झाले, मग टोकाकडून काळे पडत खाली आले. हात लावला की ओल्या कागदासारखे तुटायचे. पुण्याच्या थंडीत जे चालतं ते ग्वाल्हेरच्या थंडीत चालत नाही. इथे अंजीर पानं गाळून झोपी जातं आणि त्याला झोपू द्यावं लागतं.

तेव्हापासून माझी छाटणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. खोडावर तीन-चार मुख्य फांद्या ठेवते, प्रत्येकीवर तीन-चार डोळे, बाकी सगळं कापते. फेब्रुवारीच्या मध्याला डोळे फुगतात. फुटीवर पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडायचा. एवढी एक गोष्ट माझ्या अनुभवात खताच्या दहा डब्यांपेक्षा जास्त कामाची ठरली. शेंडा थांबला की पानाच्या बेचक्यात वाटाण्याएवढी फळं दिसू लागतात. मार्चच्या मध्याला दिसलेलं फळ मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये पिकतं. मधले कितीतरी आठवडे ते तेवढंच राहतं, जराही वाढत नाही, आणि आपल्याला वाटतं बिघडलं काहीतरी. काही बिघडलेलं नसतं. शेवटच्या आठ दिवसांत ते एकदम फुगतं.

कापताना हातमोजे घाला. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे. अंजिराचा पांढरा चीक हाताला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजते, त्यात उन्हाने पेटणारी सोरालेनसारखी द्रव्यं असतात. पहिल्या छाटणीला मी बाह्या वर सारून, दुपारच्या उन्हात बसून काम केलं. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टे, मग फोड, मग तपकिरी डाग. ते डाग जायला महिने लागले. घरात लहान मूल असेल तर त्याला त्या दिवशी गच्चीवर येऊच देऊ नका.

खताबद्दल. आमच्या ग्वाल्हेर-मुरैना भागात मोहरीची पेंड मुबलक, इकडे तिला खली म्हणतात. ती भिजवून, पाण्यात पातळ करून प्रत्येक कुंडीला घालायची ही इथल्या सगळ्या गच्च्यांवरची रीत. पहिल्या वर्षी मीही दर पंधरा दिवसांनी घातली. पानं तळहाताच्या दुप्पट, झाड साडेपाच फूट, फळ एकही नाही. नत्र जास्त झालं की अंजीर पानांतच रमतं. आता खलीचं पाणी फक्त फेब्रुवारीत, फूट यायला लागली की दोनदा. फळ दिसल्यावर ते बंद, मग थोडं पोटॅश आणि महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत.

उन्हाळा इथला सगळ्यांना माहीत आहे. मे २०२४मध्ये पारा ४५च्या वर होता आणि दगडी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. वरून पानं जळतील याची मी काळजी करत होते आणि मुळं खालून शिजत होती. आता कुंड्या विटांवर आहेत, बाजूने गोणपाट गुंडाळलेलं आहे, दुपारी बारानंतर हिरवी जाळी ओढते. सकाळचं ऊन मात्र पूर्ण, निदान सहा तास. पाणी सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक झाडाला पाच-सहा लिटर. तिघरा धरणाचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं, म्हणून गच्चीवर एक पिंप फक्त झाडांचं ठेवलं आहे. त्याच मे महिन्यात झाशीला लग्नाला दोन दिवस गेलो. परत आलो तर मेळ्याच्या झाडावरची पंचवीसपैकी चौदा फळं खाली पडलेली, पानं दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यासारखी लोंबलेली. पाणी घातल्यावर पानं संध्याकाळपर्यंत उभी राहिली. फळं गेली ती गेली.

उरलेल्या अकरातलं पहिलं पिकलं तेव्हाची गोष्ट. सासूबाई दर गुरुवारी औदुंबराला पाणी घालून येतात. इतके दिवस त्या या झाडाकडे पाहत होत्या आणि एकदाही फूल दिसलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "उंबरासारखंच का गं याचं? फूल न येता फळ?" मी फळ त्यांच्यासमोर उभं चिरलं. आतमध्ये गुलाबी, ओलसर, रेशमाच्या तुटक्या टोकांसारखे शेकडो तंतू दाटीने उभे होते. सांगितलं, आई, हीच फुलं. अंजीर आणि उंबर एकाच कुळातले, दोघांचंही फळ म्हणजे आतल्या बाजूला वळलेला फुलांचा गुच्छ. त्यांनी चष्मा लावला, ताटली खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिलं. "म्हणजे उंबराचं फूल पाहिलं मी," असं म्हणून त्यांनी हात जोडले. ते अर्धं फळ दत्ताला गेलं.

यातच एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर आहे: वाण्याकडच्या सुक्या अंजिराच्या बिया पेरू का? नको. सुकं अंजीर स्मर्ना नावाच्या प्रकारचं असू शकतं, आणि त्या प्रकाराला आत शिरून परागीकरण करणारी एक खास चिमुकली माशी लागते, ती नसली की फळं कच्चीच गळतात. पुणेरी अंजीर परागीकरणाशिवाय धरतं. शिवाय बी पेरून आईसारखं झाड येत नाही. पेन्सिलीएवढी जाड काडी जानेवारीत रेतीत खोचा, मुळं धरायला ती फार त्रास देत नाही. यंदा सहापैकी चार लागल्या.

पिकायला लागलं की बुलबुल तुमच्याआधी येतात, मग खारी, मग मुंग्या. लग्नात वाण द्यायच्या त्या जाळीच्या छोट्या पोटल्या मी साठवून ठेवल्या होत्या, फळ फुगायला लागलं की एकेकाला एकेक बांधते. हवा लागते, चोच लागत नाही. माकडांवर मात्र मला उपाय सापडलेला नाही, ती पोटलीसकट नेतात. फळाची मान झुकली, साल मऊ पडली आणि तिला बारीक चिरा गेल्या की त्याच दिवशी काढायचं. घाई करून काढलेलं अंजीर घरात पिकत नाही, ते फक्त मऊ पडतं. चवीबद्दल खरं सांगायचं तर सासवडच्या शेतातल्या फळाएवढी गोडी नाही, पण बाजारात चार दिवस फिरून आलेल्या अंजिरापेक्षा कितीतरी चांगलं. फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही.

पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. पहिल्या ऑगस्टला त्याने मेळ्याचं झाड पुरतं उघडं केलं. तेव्हापासून दोन झाडांत हात जाईल एवढी जागा ठेवते, पाणी पानांवर पडू देत नाही, डागाळलेली पानं गोळा करून घराबाहेर टाकते, आणि पाऊस लागण्याआधी एकदा ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारते. तांबेरा येतोच, पण उशिरा येतो आणि कमी येतो.

ज्यांची गच्ची जुनी आहे त्यांनी हे नक्की वाचा. ऑगस्ट २०२४मध्ये मी बॅग सरकवायला गेले तर ती हलेना. खालच्या भोकातून निघालेलं मूळ विटांमधून उतरून पाट्यांच्या सांध्यात शिरलं होतं. ओढून काढलं ते दोन फूट निघालं, आणि सांध्यातला चुना सोबत आला. वड-पिंपळाचंच रक्त हे. आता दर महिन्याला दोघं मिळून बॅग उचलून खाली पाहतो. दर दोन वर्षांनी, छाटणीच्याच दिवशी, मुळांचा गोळा बाहेर काढून जुन्या करवतीने बाजूने आणि खालून दोन-दोन इंच कापायचा आणि नवी माती भरायची. यंदा जानेवारीत पहिल्यांदा केलं. हात थरथरत होते, पण झाडाला कळलंसुद्धा नाही, फूट वेळेवर आली.

हिशेब असा: पहिल्या वर्षी शून्य. दुसऱ्या वर्षी मेळ्याच्या झाडाची अकरा आणि मामाच्या झाडाची तीन. यंदा आतापर्यंत अडतीस आणि एकवीस. खर्च रोप, बॅगा, जाळी, माती धरून अडीच हजारांच्या आसपास. जागा आणि ऊन असेल तर मी नक्की लावा म्हणेन, पण आठवड्याच्या आठवडा घर बंद राहत असेल तर उन्हाळ्यात पाणी घालणारं माणूस आधी शोधा.

सध्या मेळ्याच्या झाडावर सात हिरवी फळं राहिली आहेत. ती उशिरा फुटलेल्या फांदीवरची. पश्चिमेला रोज संध्याकाळी ढग येताहेत. एकदा पाऊस सुरू झाला की अंजीर पाणी पिऊन फुटतं, आतून आंबतं आणि गच्चीभर मुंग्या होतात. मागच्या वर्षी मी आशेने ठेवली होती. या वेळी पहिली सर आली की हातमोजे घालून सातही खुडून टाकणार आहे, म्हणजे झाडाचा जोर पुढच्या वर्षीच्या लाकडात जाईल.