ओव्हल मैदानाभोवतीची वारसाफेरी : जाणकार मार्गदर्शक, थोडी घाई

मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक (टोकदार कमानींची एकोणिसाव्या शतकातील शैली) आणि आर्ट डेको (भौमितिक घाटाची विसाव्या शतकातील शैली) इमारतींच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याच परिसरातून रविवारी सकाळी निघणाऱ्या एका पायी फेरीचा हा अभिप्राय आहे.

फेरीची उत्तम बाजू म्हणजे राजाबाई टॉवरखालचा वेळ. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेल्या आणि त्यांच्या आईचे नाव मिळालेल्या या मनोऱ्याचा आराखडा इंग्रज वास्तुकार गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊलही न ठेवता केला; मात्र त्यावरील शिल्पांत पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींची माणसे आपापल्या पेहरावात उभी आहेत, हे मार्गदर्शकाने एकेक मूर्ती दाखवून समजावले. दुर्बीण सोबत न्यावीच, कारण नुसत्या डोळ्यांना पगड्यांतला फरक कळत नाही.

त्यामानाने मैदानाच्या पश्चिमेकडील डेको इमारती झटपट उरकल्या. वॉटसन हॉटेलपाशीही जेमतेम दोन मिनिटे मिळाली, हे खटकले. इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणलेला लोखंडी सांगाडा आणि ७ जुलै १८९६ रोजी तेथे झालेला ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा खेळ, एवढ्यावरही बरेच बोलता आले असते. त्या वास्तूच्या सध्याच्या दुरवस्थेविषयी तर चकार शब्द निघाला नाही.

माहितीपत्रक मराठीत नाही. निवेदन मात्र विनंती केल्यास मराठीत मिळते. शुल्क वाजवी वाटले.