पारीवरच्या जात्यावरच्या ओव्या: आठ महिने ऐकल्यावर

आठ महिने झाले पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, खेड्यापाड्यांतल्या जगण्याच्या नोंदी ठेवणारी) साइटवरच्या जात्यावरच्या ओव्या ऐकतेय, आता लिहायला हरकत नाही. सुरुवात आत्यामुळे झाली. ती मुळशीतली, जातं माळ्यावर पडून तीसेक वर्षं झालीत, आणि ओव्यांचं विचारलं की "मला कुठं काय आठवतंय आता" म्हणून विषयच बंद. एकदा मी तिच्याकडे न बघता मुळशीकडच्याच बायकांची एक ओवी मोबाईलवर लावली, तर दुसऱ्या ओळीलाच म्हणे "असं नाही गं ते" आणि स्वतःच गायला लागली!

म्हणजे यात आपली ओवी सापडली नाही तरी चालतं, जरा वेगळी सापडली की जास्त काम होतं. मी आधी आजीच्या गावाचं नाव टाकून शोधत बसले, ती पद्धतच चुकीची. भाऊ, सासर, सीता, विठ्ठल असे विषय धरून ऐकत जायचं, आणि हेडफोन नको, घरातल्या म्हातारीच्या शेजारी बसून स्पीकरवर.

पसारा केवढा आहे बघा, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं, पुढे बर्नार बेल आले, १ लाखावर ओव्या, हजाराहून जास्त गावं, आणि २०१७ पासून त्या पारीवर यायला लागल्या. गाणारीचं नाव, गाव, व्यवसाय, जातसुद्धा दिलेली असते. आत्या आधी तेच विचारायची, "ही कोणाची गं?" मग माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकवल्या. गप्प ऐकत राहिली, शेवटी एवढंच, "गळा काय आहे बाईचा." आता अधूनमधून "ती माजलगावची लाव" अशी फर्माईश असते.

आत्याचं रेकॉर्डिंग साध्या मोबाईलवरच करते. ते लिहून काढायला एक बोललेलं टाइप करणारं अ‍ॅप घेतलं होतं, त्याचं नाव नको, 'जात्यावर'चं दर वेळी 'जातीवर' करायचं! काढून टाकलं, आता हातानेच टाइप करते, तीन मिनिटांच्या ओवीला तास जातो कारण मधेच आत्या अर्थ सांगता सांगता माहेरी पोचते.

चाळीसेक झाल्यात. गेल्या रविवारी जातं खाली काढलं, खुंटा मात्र नवा बसवावा लागणार.