जुन्या ऑटोमॅटिक गाडीसाठी ब्लूटूथ स्कॅनर: पोळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात क्लचच्या गाडीचे मिस्त्री भरपूर आहेत, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हटलं की सगळे नागपूरचा रस्ता दाखवतात. माझी २०११ ची पेट्रोल सेडान बाबांच्या डाव्या गुडघ्यामुळे ऑटोमॅटिक घेतलेली, त्यामुळे ती विकायचा प्रश्नच नाही. पोळ्याच्या सुमारास हा स्कॅनर घेतला, आता उन्हाळा लागलाय. गाडीच्या सॉकेटला लावला की गाडीने नोंदवलेल्या बिघाडांचे कोड तो ब्लूटूथवरून मोबाईलवर दाखवतो.

दुखणं असं होतं: चालता चालता गाडी एकाच गिअरला अडकायची, उठावच राहायचा नाही आणि ‘डी’चा दिवा लुकलुकायचा. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. एका गॅरेजवाल्याने कोड न वाचताच गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितलं. याचा मला आजही राग आहे. सेन्सरच्या आकड्यावर विश्वास राहिला नाही की गिअरबॉक्सचा संगणक आतले भाग वाचवायला मुद्दाम एकच गिअर धरून ठेवतो. म्हणजे गाडी अशी वागली म्हणून आतलं काही तुटलंच असं नाही.

स्वस्त डोंगलवर (सॉकेटला लावायच्या छोट्या कोड-रीडरवर) फक्त पी ०७०० हा कोड दिसला. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकाने काहीतरी नोंदवलंय, तिकडे जाऊन बघा. बरेच स्वस्त डोंगल इंजिनच्या संगणकापाशीच थांबतात. हा स्कॅनर पुढे गेला आणि पी ०७२० सापडला: आउटपुट स्पीड सेन्सरचं, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. यातला ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, सगळंच त्यात आलं. कोड दिसला की लोक थेट नवा सेन्सर मागवतात, पैसे तिथेच जातात.

खरी किंमत वसूल केली ती लाईव्ह डेटाने, म्हणजे गाडी चालताना मोबाईलवर दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांनी. भावाला गाडी चालवायला दिली आणि मी बाजूला मोबाईल धरून बसलो. डांबरी रस्त्यावर आकडा सरळ. शेताच्या पांदणीला लागलो, चाक खड्ड्यात आपटलं की आउटपुट स्पीड एकदम शून्य, एबीएसकडून (ब्रेकच्या यंत्रणेकडून) येणारा चाकांचा वेग मात्र कायम. गाडी धावत असताना शाफ्ट थांबेल कसा? बिघाड उष्णतेने नाही, हादऱ्याने येतोय हे तिथेच कळलं.

मग मल्टिमीटर. माझा सेन्सर दोन वायरींचा, कॉइलचा. चावी बंद, कनेक्टर काढलेला. सेन्सरचा रेझिस्टन्स सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेत होता. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) वायरची सलगता, म्हणजे ती मध्ये कुठे तुटलेली नाही ना, हे तपासत ती हलवली तशी ब्रॅकेटजवळ मीटरने सलगता सोडली. आवरण कुरतडलेलं, आतलं तांबं हिरवं. शेडमध्ये सोयाबीनची पोती असतात, उंदीर येणारच. तेवढा तुकडा बदलून सोल्डर केला, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली, हार्नेस उंच बांधला. सेन्सर जुनाच आहे. तेव्हापासून हा कोड परत आलेला नाही.

गिअर ऑइलच्या तापमानाची तपासणी मला फार आवडली. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी हा आकडा हवेच्या तापमानाच्या आसपास हवा. इथल्या मे महिन्यात तो उणे ४० दाखवू लागला, तर बहुतेक वेळा सर्किट कुठेतरी तुटलेलं असतं. बॅटरीचं व्होल्टेजही आधी बघा. ती कमजोर असेल तर नसलेले बिघाडही नोंदले जातात.

तक्रारीही आहेत. ॲप मराठीत नाही. सॉकेटमध्ये लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते, काढूनच ठेवावा लागतो. आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून सांगण्याची ठरलेली पद्धत) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत १६ पिनांचं सॉकेट दिसलं तरी सगळी माहिती मिळेलच असं धरू नका. तुमच्या मॉडेलच्या गिअरबॉक्सचा संगणक यादीत आहे का, हे विकणाऱ्याला विचारूनच पैसे द्या.

आणि कोड पुसायची घाई करू नका. बिघाडाच्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान किती होतं याची नोंद कोडसोबत राहते आणि कोड पुसला की तीही जाते. मी आधी मोबाईलवर स्क्रीनशॉट घेतो, मगच पुसतो.