बजेटच्या आवृत्त्या आणि २० अक्षरं: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

परवा बँकेतून फोन आला. “तुमच्या बजेटात काजूची बी किलोला १३० रुपयांनी धरलीय आणि बिलं १५० ची कशी?” मी चुकीची आवृत्ती पाठवली होती. चूक माझीच, पण करायला लावली बजेटच्या सॉफ्टवेअरनं, जे अकरा महिने वापरतोय.

वेंगुर्ल्याकडे आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, हंगामाला ४० टन बी घेतो. मार्च ते मे या काळात वर्षभराची बी भरायची, कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेनं खेळत्या भांडवलासाठी दिलेली उचल, तिथेच संपतं. बी किलोमागे १० रुपयांनी चढली की ४ लाख जास्त लागतात. उतारा, म्हणजे बीतून निघणाऱ्या गराचं प्रमाण, १ टक्क्यानं घसरला की ४०० किलो गर गेला. म्हणून आवृत्त्या लागतात: १३० ची, १५० ची, कमी उताऱ्याची, बँकेची.

आणि यादीत नावाची पहिली २० अक्षरंच दिसतात! ‘काजू बजेट २०२५-२६ सुधारित’ अशी सात नावं, सातही सारखीच. शेजारी तारीखसुद्धा नाही. हिशेब बघणाऱ्या वहिनींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “दादा, ह्यातला खरा खयचा?” मदत केंद्राला तीनदा कळवलं. उत्तर आलं, नाव लहान ठेवा. वर्षाला १४ हजार मोजून आम्हीच नावं छाटायची!

दुसरा राग ‘लॉक’वर होता. एकदा मंजूर केलेलं बजेट बदलता येत नाही, नवी प्रत काढावी लागते. एप्रिलमध्ये मी यावरून भांडलो. आता ते शब्द मागे घेतो. ऑगस्टमध्ये मूळ बजेट आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी लावले. वर्षभर मी बीच्या दराला शिव्या घालत होतो, पण दरवाढ १५० च्या आवृत्तीत आधीच धरलेली होती. खड्डा दुसरीकडेच होता. अख्खा गर कमी आणि तुकडा जास्त निघत होता. पावसाळी हवेत बी नीट वाळवल्याशिवाय फोडायला घेतली, त्याचा हा हिशेब. मूळ बजेट बदलता आलं असतं, तर मी जूनमध्येच आकडे जुळवून मोकळा झालो असतो, आणि हे कधी दिसलंच नसतं.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आमचा हंगाम त्याच्या आधीच. मार्चची खरेदी मागच्या वर्षात जाते आणि नव्या आवृत्तीत नुसता आरंभीचा साठा म्हणून येते. तो आकडा प्रत्येक प्रतीत हातानं भरावा लागतो. चार आवृत्त्या म्हणजे चारदा. याची सवय झाली.

तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर सूट आहे म्हणतात. मी एकाच वर्षाचे भरले. नावं आता आकड्यापासून सुरू करतो: ‘१५० बी बँक’. बसतं २० अक्षरांत.