सांगलीच्या विश्रामबागमधलं ऑक्युपेशनल थेरपी सेंटर

गाडीवरून पडून ह्यांच्या डोक्याला मार लागला. जखम भरली, पण गोंगाट सोसेना, दुपारपर्यंत पार गळून जायचे. इथल्या, रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या मॅडमनी मेंदूच्या दुखापतीनंतरचं जगणं मोजणाऱ्या ‘क्वॉलिब्री’ प्रश्नावलीच्या 37 प्रश्नांवरून विचारपूस केली. लक्ष राहतं का, राग येतो का, मित्रांशी कसं आहे? असं आधी कुणी विचारलंच नव्हतं! मग ह्यांच्या रोजच्या कामाचा, हळदीच्या सौद्याचाच सराव सुरू केला. आधी शांत खोलीत वजनं, दर वहीत लिहायचे, मध्ये विश्रांती, नंतर थोड्या वर्दळीत. थकवा म्हणजे आळस नव्हे, हे सासूबाईंनाही त्यांनीच पटवलं. आता हे मार्केट यार्डात तासभर बसतात, दर स्वतः लिहितात. सेंटरचा जिना मात्र उंच आहे. तोल जात असेल तर सोबत माणूस न्याच.