अर्धी थाळी, घरचा डबा आणि आमच्या आत्या

सिंहगड रस्त्यालगतच्या या कोल्हापुरी खानावळीत आम्ही गेल्या आठ महिन्यांत सहा-सात वेळा जेवलो. मटण उत्तम असतं, तांबड्या रश्श्याला कांदा-लसूण मसाल्याचा खरा वास येतो, हे बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मला लिहायचंय ते इथल्या वाढण्याबद्दल.

आम्ही घरात चौघं. मुलगा एकोणीस वर्षांचा, तीन भाकऱ्या सहज संपवतो. यांना शुगर, त्यामुळे भात बंद. माझं खाणं बेताचं. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या अठ्ठ्याहत्तरच्या. अर्धी भाकरी, मटणाच्या दोन फोडी आणि वाटीभर पांढरा रस्सा, एवढंच त्यांचं जेवण.

मागच्या वर्षी यांच्या वाढदिवसाला आम्ही एका अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलात गेलो होतो. चौघांचे सारखेच पैसे. ते ठीक, तसा नियमच होता. पण वाढपी इतक्या घाईत फिरत होते की आत्यांनी ताटावर हात आडवा धरेपर्यंत दोन पुऱ्या पडलेल्या असायच्या. शेवटी दोन पुऱ्या आणि बासुंदीची वाटी जशीच्या तशी उरली. आत्यांनी पुऱ्या कागदी रुमालात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवायला लागल्या, तर वाढप्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "आजी, पार्सल अलाउड नाही, ठेवा ते." आत्यांनी रुमाल उलगडून पुऱ्या परत ताटात ठेवल्या. त्यांचा तो थरथरता हात मला अजून दिसतो.

आत्या माण तालुक्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात, म्हणजे १९७२ साली, त्या पंचविशीत होत्या आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. तिथे मिळणारी सुकडी त्या निम्मी खायच्या आणि निम्मी पदरात बांधून घरी लेकरांना आणायच्या. त्या रात्री घरी आल्यावर म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे गं. पर भरलं ताट टाकून उठायचं म्हंजी माज्या जिवावर येतं." त्यानंतर सहा महिने त्या आमच्याबरोबर बाहेर जेवायला आल्या नाहीत.

या खानावळीत आम्ही त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. मालकीणबाई, ज्यांना इथे सगळे काकी म्हणतात, स्वतः टेबलापाशी आल्या आणि आत्यांना विचारलं, "आजी, भूक किती हाय?" हॉटेलात हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

इथे अर्धी थाळी मिळते. पूर्ण थाळी ३४० रुपये, त्यात सुक्क्या मटणाच्या सहा फोडी. अर्धी २१०, त्यात तीन. भाकरी, कांदा-दही, लिंबू दोन्हीत, भात अर्धीत निम्मा. रस्सा दोन्हीत लागेल तेवढा. अर्ध्या थाळीला निम्म्यापेक्षा जास्त पैसे का, असं कुणी विचारेल. मला ते रास्त वाटतं, कारण जागा, गॅस आणि भाकरी थापणारी बाई दोन्ही थाळ्यांना सारखीच लागते. यांना भाताऐवजी जादा भाकरी दिली, तिचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आणि मुख्य गोष्ट पुढेच. काकी म्हणाल्या, "आजी, हात लावायच्या आधीच सांगा, जास्त वाटतंय ते बाजूला काढून ठिवते." स्वच्छ पळीने त्यांनी मटणाची एक फोड आणि थोडं सुक्कं वेगळ्या वाटीत काढलं, वर ताटली झाकली आणि जाताना बांधून दिलं. ज्यांच्या घरात उष्टं आणि शिळं यांतला फरक पाळतात त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल. ताटातलं उरलेलं उष्टं, ते आत्या दुसऱ्याला कधीच देणार नाहीत. पण न शिवलेलं, झाकून ठेवलेलं उद्या सकाळी कुणीही खाऊ शकतं. जेवण संपल्यावर ताटातलं गोळा करून बांधण्यापेक्षा जेवणाआधी काढून ठेवणं शंभरपट बरं. आता मी कुठेही गेले तरी हेच करते, आणि कुणी वेगळी वाटी द्यायला नाही म्हटलं नाही.

आता आम्ही घरूनच कड्यांचा, रबर लावलेला स्टीलचा डबा नेतो. इथे त्याबद्दल कुणी कपाळाला आठी घालत नाही. डबा नसेल तर फॉइलच्या डबीचे १० रुपये घेतात. एकदा मात्र डबा विसरलो, तर रस्सा पातळ पिशवीत दोऱ्याने बांधून दिला. गाडीच्या सीटवर निम्मा सांडला. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतरही गरम रस्सा असा पिशवीत बांधायची सवय कुठे कुठे जात नाही, ती इथेही गेलेली नाही. काकींनी याकडे खरंच लक्ष द्यावं.

घरी नेलेलं कसं सांभाळायचं, तेही लिहिते. तांबडा रस्सा फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर कट थिजलेला दिसतो, नको असेल तर चमच्याने अलगद निघतो. हा रस्सा खळखळून उकळला तरी चालतो, उलट दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. पांढऱ्याचं उलट. त्यात नारळाचं दूध असतं, जोरात उकळलात की फुटतो. मंद आचेवर ढवळत राहायचं आणि वाफ आली की उतरवायचं. भाकरी वातड होते, ती कुस्करून रश्श्यात भिजवा.

भाताबाबत मात्र मी फार कडक झालेय. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी बिर्याणीचं पार्सल रात्रभर ओट्यावर ठेवलं आणि सकाळी गरम करून मुलाच्या डब्यात दिलं. दुपारी तो उलट्यांनी बेजार झाला, संध्याकाळी सलाइन लावावी लागली. शिजलेला भात उबेत राहिला की त्यात जंतू वाढून विष तयार होतं, आणि ते नुसत्या गरम करण्याने जात नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. म्हणून आता बांधून घेतलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जातो. जेवून पुढे सिनेमाला किंवा कुणाकडे जायचं असेल तर भात बांधूनच घेत नाही, आधीच कमी वाढायला सांगते.

इथे पाणीही अर्धा ग्लासच ओततात, हवं तर जग टेबलावर असतो. २०१८ च्या पाणीकपातीत पुण्यातल्या बऱ्याच हॉटेलांनी सुरू केलेली ही पद्धत इथे टिकून आहे.

दोन उणिवा. घरपोच मागवलं तर फक्त पूर्ण थाळी मिळते, म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना अर्धीची खरी गरज, त्यांना ती मिळतच नाही. हे बदलायला हवं. दुसरं, रविवारी एकनंतर इतकी गर्दी असते की काकी गल्ल्यावरून उठत नाहीत आणि वाढणारी मुलं न विचारताच पूर्ण थाळी आणतात. रविवारी जायचं तर साडेबाराच्या आत जा, बसल्या बसल्या "अर्धी" म्हणून सांगा आणि वेगळी वाटी आधीच मागून घ्या.

गेल्या सोमवारी सकाळी उठले तर आत्या ओट्यापाशी उभ्या. आदल्या दिवशीची फोड आणि रस्सा गरम केलेला, त्यात भाकरी कुस्करत होत्या. मला म्हणाल्या, "बस, तुला बी काढलंय."